सांभाळणाऱ्याला सुट्टी कोण देणार?

मोहन नगरातून, म्हणजे आमच्या दुर्ग-भिलाईतून, आज पुन्हा आपल्याशी बोलतोय.

निवृत्तिवेतनावरचा भाग झाल्यावर एका ताईंचा फोन आला होता. सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर आहेत. ताई म्हणाल्या, "काका, सासूबाईंचं पेन्शन, सासूबाईंचा विमा, सासूबाईंची औषधं, सगळं तुम्ही नीट सांगितलंत. पण मला चार रात्री सलग झोप मिळेल असं काही आहे का कुठल्या योजनेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा भाग त्या प्रश्नावर आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळणाऱ्या माणसाला विसावा कसा मिळेल, आणि त्याच्या खिशाला आधार कुठून मिळेल, हे दोन मुद्दे आपण घेणार आहोत.

भिलाईत राहणाऱ्याला हा विषय समजायला वेळ लागू नये. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टी चहाच्या शेगडीसारखी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. ती रात्रंदिवस चालते. पण भट्टीवरचा माणूस आठ तासांनी बदलतो. फौजेतही तसंच. पहारा चोवीस तास असतो, पण संत्री दोन तास उभा राहतो आणि चार तास आराम करतो. हा काही त्याच्यावर उपकार नसतो. थकलेला संत्री झोपतो आणि झोपलेल्या संत्र्यामुळे सगळी चौकी धोक्यात येते, म्हणून तो नियम.

अंथरुणावरच्या माणसाची देखभाल हीसुद्धा न विझणारी भट्टी आहे. फरक इतकाच, की तिथे पाळी बदलत नाही.

आमच्या घरातलं

उपदेश करण्याआधी स्वतःचा हिशेब सांगितला पाहिजे. 2006 साली आमच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. वडील रेल्वेत होते, ते आधीच गेले होते. मी सैन्यात, थोरले बंधू इथेच नोकरीला. आई 2012 साली गेली. मधली सहा वर्षं तिचं खाणंपिणं, अंघोळ, बेडपॅन, औषधं, दर दोन तासांनी कूस बदलणं, हे सगळं एकट्या वहिनींनी केलं.

मी दर महिन्याला पैसे पाठवत होतो आणि माझं कर्तव्य झालं असं समजत होतो. वर्षाची रजा घेऊन आलो की आईच्या पलंगाजवळ बसून गप्पा मारायचो. आई खूश, मी खूश. वहिनी मात्र त्या दिवसांत आईचं करून वर माझ्या आवडीचं जेवण करत होत्या, कारण भाऊजी किती दिवसांनी घरी आलेत! माझ्या सुट्टीने त्यांचं काम वाढत होतं, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही.

2010 मध्ये वहिनींचे वडील गोंदियाला वारले. गोंदिया इथून गाडीने काही तासांवर. वहिनी सकाळी गेल्या आणि त्याच रात्री परत आल्या, कारण आईजवळ रात्री थांबायला कोणी नव्हतं. दहाव्यालाही जाता आलं नाही. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. आई गेल्यावर वर्षभरात त्यांच्या पाठीचं ऑपरेशन करावं लागलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "इतकी वर्षं कोणाला उचलत होतात?" तेव्हा मला कळलं, की मी घरी पैसे पाठवले होते, बदली माणूस एकदाही पाठवला नव्हता.

विसावा म्हणजे नेमकं काय

इंग्रजीतून आलेला शब्द आहे रेस्पाइट केअर. आपण त्याला विसावा-सेवा म्हणू. अर्थ सोपा आहे. नेहमी सांभाळणारा माणूस काही तास किंवा काही दिवस मोकळा व्हावा, म्हणून त्याच्या जागी दुसऱ्या कोणी तेवढा वेळ देखभाल करणं. याचे तीन प्रकार असतात.

पहिला, घरच्या घरी. कोणी नातेवाईक, शेजारी किंवा पगारी आया दोन-चार तास येऊन बसते आणि सांभाळणारा बाहेर पडतो. दुसरा, दिवसाचं केंद्र. सकाळी वृद्धाला तिथे सोडायचं, संध्याकाळी आणायचं. विस्मरणाचा आजार असलेल्यांना याचा विशेष उपयोग होतो, कारण त्यांना दिवसभर कशात तरी गुंतवून ठेवावं लागतं. तिसरा, थोड्या दिवसांचा मुक्काम. आठ-पंधरा दिवस वृद्ध व्यक्ती एखाद्या शुश्रूषा केंद्रात राहते आणि पुन्हा घरी येते.

या तिसऱ्या प्रकाराचं नाव काढलं की आपल्याकडे लोक दचकतात. "आईला आश्रमात टाकलं" असं चारचौघांत बोललं जाईल, ही भीती. पण कायमचं ठेवणं वेगळं आणि दहा दिवसांसाठी ठेवणं वेगळं. उलट ज्या घरात सांभाळणाऱ्याला कधीच उसंत मिळत नाही, त्या घरात एक दिवस सगळंच कोलमडतं, आणि मग कायमचं ठेवण्याची वेळ येते. वेळेवर मिळालेला विसावा म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवण्यासाठीच असतो.

केईएमच्या परिचारिका

दीर्घकाळची देखभाल चांगली होऊ शकते का, याचं आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातलं आहे. अरुणा शानबाग या तिथल्या परिचारिका. नोव्हेंबर 1973 मध्ये त्यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. 18 मे 2015 रोजी त्यांचं निधन झालं. जवळजवळ 42 वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. 7 मार्च 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरवाने उल्लेख केला. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते. ज्यांनी अंथरुणावरचा रोगी सांभाळला आहे, त्यांना याचा अर्थ कळेल.

इच्छामरणाच्या संदर्भात या प्रकरणावर पुष्कळ लिहिलं गेलं. मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या परिचारिकांची माया खरी होतीच. पण त्या पाळीने काम करत होत्या. पाळी संपली की घरी जात होत्या, झोपत होत्या, रजा घेत होत्या. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. सेवा 42 वर्षं अखंड राहिली, कारण ती एका बाईच्या अंगावर नव्हती. माया आणि पाळी यांचं वैर नाही. पाळी असेल तर माया टिकते.

कायद्याला कोण दिसतं

आता सरकारी बाजू पाहू. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा 2007 सालचा आहे. मुलांनी आई-वडिलांचा सांभाळ करावा, न केल्यास न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो, अशी त्यात तरतूद आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा, असंही त्यात म्हटलं आहे.

या कायद्यातली 'मुलं' या शब्दाची व्याख्या वाचून पाहा. त्यात मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. म्हणजे प्रत्यक्षात जी बहुतेक घरांत सगळं करते, तिचं कायद्यात नावच नाही. तिच्यावर जबाबदारी नाही आणि तिला आधारही नाही. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, त्यात सून-जावयांचा समावेश आणि घरपोच देखभाल देणाऱ्या संस्थांची नोंदणी होती. पण ते मंजूर झालं नाही, आणि 2024 मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा तेही संपलं. त्या विधेयकातही सुनेवर जबाबदारी येणार होती. तिला सुट्टी कशी मिळेल, हा विषय त्यात नव्हता.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे. 15 ते 59 वयोगटात घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण 41 टक्के, पुरुषांचं 21.4 टक्के. देखभाल करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला 140 मिनिटं जातात, पुरुषाची 74. यात मुलांचं संगोपनही धरलेलं आहे. तरी कोणाच्या पाठीवर ओझं आहे हे स्पष्ट आहे.

विसावा-सेवा ही कल्पना आपल्या सरकारला अगदीच अनोळखी आहे असं मात्र नाही. 1999 च्या कायद्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टची 'समर्थ' नावाची योजना आहे, ती याच कल्पनेवर उभी आहे. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही, ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशांना देखभाल करणाऱ्यासाठी भत्ता द्यावा, असा उल्लेख आहे. कल्पना कायद्यात आहे, फक्त ती म्हातारपणापर्यंत पोहोचलेली नाही. केरळने थोडी वाट काढली आहे. तिथे 'आश्वासकिरणम' योजनेत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पूर्णवेळ देखभाल करणाऱ्याला दरमहा 600 रुपये ठरवले आहेत. रक्कम लहान आहे, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावाने आहे.

आमच्या सैन्यातही एक भत्ता आहे, त्याला सतत-सोबत भत्ता म्हणता येईल. सेवेत आलेल्या 100 टक्के अपंगत्वामुळे ज्याला कायम दुसऱ्या माणसाची गरज आहे, अशा निवृत्ताला तो मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा 4,500 वरून 6,750 रुपये झाला. म्हणजे सोबतीच्या माणसाची किंमत असते, हे सरकारने एका ठिकाणी मान्य केलेलं आहे. पण तोच सैनिक नुसत्या वार्धक्याने अंथरुणाला खिळला, तर हा भत्ता नाही.

आज हाताशी काय आहे

सांभाळणाऱ्यासाठी सरळ योजना नाही, हे धरून चालू. तरीही वृद्धाच्या नावाने जे मिळतं ते सगळं वसूल केलं, तर सांभाळणाऱ्यावरचा भार कमी होतो. एकेक पाहू.

पहिली गोष्ट, वाढीव निवृत्तिवेतन. केंद्र सरकार, रेल्वे आणि सैन्याच्या निवृत्तांना वयाच्या 80 व्या वर्षापासून मूळ निवृत्तिवेतनावर 20 टक्के जादा मिळतात. 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला 100 टक्के. हे कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे, म्हणजे विधवा आईलाही. अडचण अशी, की जुन्या कागदांत बायकोची जन्मतारीख बहुधा लिहिलेलीच नसते. आमच्या आईचं तेच झालं. ऐंशी पूर्ण होऊनही वाढ लागू झाली नाही, आणि कागद फिरवण्यात वर्षाहून जास्त काळ गेला. तुमच्या घरात कुटुंब निवृत्तिवेतन असेल तर आदेशाची प्रत आजच काढा आणि जन्मतारीख पाहा.

दुसरी, सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना केंद्राकडून 79 वर्षांपर्यंत 200 आणि 80 पासून 500 रुपये येतात, राज्य आपली भर घालतं. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत दरमहा 1,500 रुपये मिळतात, गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत 2,000. ज्या राज्यात राहता तिथल्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. नाव मतदार यादीत एका राज्यात आणि आधारवर दुसऱ्या राज्यात, असा घोळ आपल्या परप्रांतातल्या मराठी घरांत फार असतो. तो आधी मिटवा.

तिसरी, रुग्णालयाचा खर्च. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात. माजी सैनिकांच्या ईसीएचएसमध्ये किंवा केंद्राच्या सीजीएचएसमध्ये असणाऱ्यांना दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. पण लक्षात ठेवा, हे रुग्णालयात भरती झाल्यावरचं आहे. घरी ठेवलेल्या आयाचा पगार यातून निघत नाही, आणि बहुतेक खासगी आरोग्य विम्यांतूनही निघत नाही.

चौथी, साहित्य. 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना चाकाची खुर्ची, काठी, वॉकर, श्रवणयंत्र, कवळी, चष्मा अशा वस्तू मोफत मिळतात. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या आणि 2 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना अशा साहित्यासाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. वस्तू कोणासाठी आहे ते नीट पाहा. चाकाची खुर्ची वृद्धाची असते, पण पाठ सांभाळणाऱ्याची वाचते.

पाचवी, आयकर. यातले फायदे जुनी करपद्धत निवडणाऱ्यांनाच आहेत. विमा नसलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांच्या औषधोपचारावर 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, कर्करोग अशा ठरावीक आजारांत ज्येष्ठांसाठी 1 लाखापर्यंत. आई-वडील दिव्यांग आणि तुमच्यावर अवलंबून असतील तर 75,000 आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर 1,25,000. जुन्या कायद्यात ही कलमं 80डी, 80डीडीबी आणि 80डीडी होती. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आल्याने क्रमांक बदलले आहेत, म्हणून आपल्या सल्लागाराला क्रमांक न सांगता विषय सांगा. अर्धांगवायूनंतर दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढता येतं, हे पुष्कळांना सुचतच नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या मंडळापुढे जावं लागतं.

सहावी, माणसांची मदत. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून आहे. अंथरुणावरच्या वृद्धाला घरी भेट देणं आणि घरच्यांना देखभाल शिकवणं, हे उपकेंद्राच्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या कामातच लिहिलेलं आहे. मागितल्याशिवाय ते मिळत नाही, म्हणून आरोग्य केंद्रात जाऊन मागा. कूस कशी बदलायची, पलंगावरून खुर्चीवर कसं घ्यायचं, एवढं जरी कोणी दोन दिवस शिकवलं असतं, तरी वहिनींची पाठ वाचली असती. छत्तीसगडमध्ये समाजकल्याण विभागाची 'प्रशामक देखरेख गृह' ही योजना आहे, गंभीर आजारी वृद्धांसाठी. इथल्यांनी तिची चौकशी करावी. ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन देशभर आहे, सकाळी 8 ते रात्री 8. आणि सांभाळणाऱ्याचंच मन खचलं असेल, रडू येत असेल, ज्याला सांभाळतो त्याच्यावर हात उगारावासा वाटत असेल, तर 14416 ही टेलि-मानसची हेल्पलाइन चोवीस तास आहे. तिथे मराठीत बोलता येतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बाहेरच्या देशांत

इतरांनी काय केलं, हेही थोडं पाहू. जर्मनीने 1995 मध्ये देखभाल विमा सुरू केला. पगारातून हप्ता कापला जातो. घरी सांभाळणाऱ्या कुटुंबाला दरमहा रक्कम मिळते आणि नेहमीचा माणूस सुट्टीवर गेला तर बदलीच्या खर्चासाठी वेगळी तरतूद असते. जुलै 2025 पासून ती वर्षाला 3,539 युरोपर्यंत आहे. जपानने 2000 मध्ये असाच विमा आणला. चाळिशीपासून हप्ता भरायचा आणि गरज पडली की दिवसाचं केंद्र किंवा थोड्या दिवसांचा मुक्काम कमी खर्चात मिळतो. अमेरिकेत माजी सैनिकाला घरी सांभाळणाऱ्या कुटुंबीयासाठी 2010 च्या कायद्याने मासिक मानधन आणि वर्षाला किमान 30 दिवसांचा विसावा ठरवला.

ब्रिटनची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. तिथे 1976 मध्ये सांभाळणाऱ्यासाठी भत्ता सुरू झाला, पण विवाहित स्त्रियांना तो नव्हता. बाई घरातच असते, तिला कशाला भत्ता, असा विचार. मँचेस्टरच्या जॅकी ड्रेक यांनी आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडली होती. त्यांनी दाद मागितली आणि जून 1986 मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षं लागली, तीही एका बाईने 'हे काम आहे' असं ठामपणे म्हटलं म्हणून.

घरात आजपासून काय करता येईल

योजना येईल तेव्हा येईल. तोवर घरात चार गोष्टी करता येतात.

एक, वही. सैन्यात चार्ज देता-घेताना सगळं लिहून देतात. तशी एक वही करा. औषधं कोणती, किती वाजता, काय खाल्लेलं चालत नाही, झोप केव्हा, राग कशाने येतो, कोणतं गाणं लावलं की शांत होतात, डॉक्टरांचा नंबर. "माझ्याशिवाय कोणाला जमणार नाही" हे बऱ्याचदा खरं असतं, कारण सगळं एकाच डोक्यात असतं. वहीत उतरलं की दुसऱ्याला जमतं.

दोन, तक्ता. भावंडांनी एकत्र बसून वर्षाचे दिवस वाटून घ्या. जो दूर आहे त्याने वर्षातून निदान पंधरा दिवस यावं, आणि पाहुणा म्हणून न येता ड्यूटीवर यावं. आल्या दिवशी वही ताब्यात घ्यावी आणि नेहमी सांभाळणाऱ्या माणसाने घराबाहेर जावं. घरात राहिलं तर विसावा होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. परदेशात असलेल्याला येणं शक्य नसेल, तर त्याने तेवढ्या दिवसांच्या आयाचा खर्च उचलावा. आठवड्याचा एक अर्धा दिवस ठरवा आणि तो काहीही झालं तरी मोडू नका.

तीन, हिशेब. पूर्णवेळ आया ठेवली असती तर तुमच्या गावात दर महिन्याला किती द्यावे लागले असते, ते विचारा. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. घरात जी व्यक्ती हे काम करते, ती दरमहा तेवढी रक्कम कुटुंबाला देते आहे. हा आकडा समोर आला की "आम्ही पैसे पाठवतो ना" हे वाक्य कोणी सहज बोलत नाही. शक्य असेल तर त्यातला काही भाग तिच्या नावाने आवर्ती ठेवीत टाका. नोकरी सोडून सांभाळणाऱ्याचा भविष्य निर्वाह निधी थांबलेला असतो. उद्या तीच व्यक्ती म्हातारी होणार आहे. आई-वडिलांनी मृत्युपत्रात काही वेगळं द्यायचं असेल तर ते सर्वांना सांगून, शुद्धीत असताना, नोंदणी करून करावं. नंतरची भांडणं त्याने टळतात.

चार, बाहेरचा माणूस. आया ठेवताना पोलीस पडताळणी करा, पगार ठरवून लिहा, आणि तिलाही आठवड्याची सुट्टी द्या. पहिले चार-पाच दिवस घरचं माणूस बरोबर असू द्या. आई-वडील "नवी बाई नको" म्हणतील. आमची आईही म्हणाली होती, आणि आम्ही तिचा शब्द लगेच मानला. मानायला नको होता. ती आया महिनाभर टिकली असती, तर आईलाही तिची सवय झाली असती.

शेजाऱ्यांनाही एक विनंती. "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका. थकलेला माणूस सांगत नाही. "गुरुवारी चार ते सहा मी येऊन बसतो" असं म्हणा. आमच्या मोहन नगरात आम्ही निवृत्त मंडळी सकाळी फिरायला जातो. त्यातल्या पाच जणांनी असे दोन-दोन तास वाटून घेतले आहेत, तीन घरांसाठी. मोठं काही नाही. वर्तमानपत्र वाचून दाखवतो, पाणी देतो, गरज पडली तर फोन करतो. एका घरातल्या सूनबाई त्या दोन तासांत पहिल्यांदा बाजारात गेल्या नाहीत, देवळातही गेल्या नाहीत. शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून झोपल्या.

वहिनी आता सत्तरीच्या पुढे आहेत. मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा वही मी लिहिली आणि रात्रपाळी माझ्याकडे होती. त्यांना ते फार अवघड वाटलं. "भाऊजी, तुम्ही कशाला?" असं दहा वेळा म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, उशीर झालाय, पण रिलीव्हर आलाय."

ज्या ताईंनी फोन केला होता, त्यांना माझं उत्तर एवढंच. तुमची चार रात्रींची झोप आज कोणत्याही योजनेत लिहिलेली नाही. ती लिहिली जावी म्हणून आपण बोलत राहू, आमदार-खासदारांना पत्रं पाठवू. पण तुमच्या यजमानांना, दिरांना आणि नणंदांना हा भाग वाचायला द्या. पहिल्या चार रात्री त्यांच्याकडून घ्या.

पुढच्या भागात आया किंवा घरपोच परिचारिका ठेवताना करारात काय लिहावं, ते पाहू. जय हिंद.